युनियन असूनही कंपनी आदल्या दिवशी शिफ्ट बदलते. रोटेशनचा नियम नक्की काय आहे?

कुणाला कुठली पाळी, हे कायद्यात लिहिलेलं नाही. पाळीची वेळ बदलायची किंवा नवी पाळी काढायची तर २१ दिवसांची नोटीस लागते. औद्योगिक विवाद कायद्यात ते ९-अ कलम होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही मुदत तीच. माणसं फिरवायची कशी, ते स्थायी आदेशात, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, आणि युनियनच्या करारात असतं. तिथं नसेल तर सुपरवायझरची मर्जी.

आमच्या कुपवाडच्या फौंड्रीत करारात एकच ओळ होती, 'पाळ्या आळीपाळीने देण्यात येतील'. शनिवारी संध्याकाळी टाइम ऑफिसच्या बोर्डावर यादी लागायची, तीही पेन्सिलीनं. फर्स्ट शिफ्टच्या रकान्यात खोडून खोडून कागद काळा पडलेला आणि नाईटच्या रकान्यात फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, पोरांची नावं महिनोन्महिने जशीच्या तशी. खोडाखोड साहेब करत नव्हते. आमचेच पदाधिकारी आपली माणसं दिवसपाळीत बसवत होते. गेट मीटिंगला मी हे बोललो, तर सरचिटणीस म्हणाले, "सिनियर माणसानं आता नाईट करायची व्हय? तुम्ही पोरं दमाची हाय."

मी म्हटलं, "आबा, वर्गणी आम्हीबी तेवढीच भरतोय की."

पुढच्या करारात कलम घालूनच घेतलं. दर आठवड्याला फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून नाईट, याच क्रमानं. उलटं फिरवलं की झोपेचा पार बोजवारा उडतो. यादी गुरुवारी, पेननं, सहीनिशी. अदलाबदल दोघांच्या लेखी अर्जावर. कित्येक सिनियर माझ्याशी बोलायचे बंद झाले. होऊ देत. ती पोरं घरच्यांसोबत रात्री जेवायला लागली.

नाईटवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून सलग २४ तास मोजतात. रविवारी सकाळी सोडून त्याच रात्री परत बोलावलं, तर ती सुट्टी नव्हेच.

कंपनी एका गटाला झुकतं माप देत असेल तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यानं ती अनुचित प्रथा आहे, औद्योगिक न्यायालयात जाता येतं. पण आधी जुन्या याद्या काढून तुमच्या पदाधिकाऱ्यांना नाईट कधी लागली ते बघा. लागतच नसेल तर भांडण युनियनच्या मीटिंगपासून सुरू करा.

हां, डॉक्टरनं नाईट मना केली असेल त्याला सूट द्यायलाच हवी, कागद टाइम ऑफिसला जमा करून. नुसतं वय सांगून नाही.