लास व्हेगासहून शनिवार-रविवारी कॉन्डॉर: आई-बाबांसह करता येईल असा मार्ग

एप्रिलच्या अखेरीस, भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन शुक्रवारी संध्याकाळी लास व्हेगासहून निघायचे, रविवारी रात्री परतायचे, त्यात युटामधले झायन राष्ट्रीय उद्यान, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा आणि ॲरिझोनातले पेज गाव ही तिन्ही ठिकाणे बसवायची आणि शिवाय कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा गिधाडासारखा प्रचंड पक्षीही पाहायचा, हे जमेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जमणार नाही. दक्षिण कडा आणि पेज या खेपेस सोडून द्यावेत, युटामधल्या कनॅब गावी दोन्ही रात्री मुक्काम करावा आणि शनिवारची दुपार संपूर्णपणे ॲरिझोनातील कोलोरॅडो नदीवरचा नवाहो ब्रिज व व्हर्मिलियन क्लिफ्स या कड्यांच्या परिसरासाठी राखावी. कॉन्डॉर हा धावती भेट देऊन पाहण्याचा पक्षी नव्हे.

लास व्हेगास ते कनॅब हे अंतर साधारण २०० मैल आहे. सेंट जॉर्जच्या पुढे हरिकेनकडे वळून ५९ व ३८९ क्रमांकांच्या रस्त्यांनी फ्रेडोनियामार्गे जावे. घड्याळाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागेल. उन्हाळी वेळ पाळण्याची, म्हणजे घड्याळ तासभर पुढे करण्याची, प्रथा ॲरिझोनात नाही, युटामध्ये आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये कनॅबला सकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा सात मैलांवरच्या, ॲरिझोनातल्या फ्रेडोनियात सहाच वाजलेले असतात. शिवाय नवाहो पुलापलीकडचा नवाहो नेशनचा (नवाहो आदिवासींचा) प्रदेश उन्हाळी वेळ पाळतो, त्यामुळे पूल ओलांडताच फोनवरील घड्याळ एक तास पुढे उडी मारू शकते.

शनिवारी पहाटे निघून जेकब लेकला थांबावे. सुमारे ७,९०० फूट उंचीवरचे हे पाँडेरोसा पाइनचे जंगल असून एप्रिलमध्येही तेथे बर्फाचे तुकडे आढळू शकतात, म्हणून आई-बाबांना स्वेटर हवेतच. स्टेलर्स जे, माउंटन चिकडी आणि पिग्मी नटहॅच हे पक्षी येथे सहज भेटतात. झाडाखाली पांढऱ्याशुभ्र शेपटीची खार दिसली, तर ती कैबाब खार होय. ती मुळात केवळ या कैबाब पठारावरची. तासाभराहून अधिक वेळ येथे घालवू नये.

पक्षीनिरीक्षण म्हणजे पहाट, असे आपण धरून चालतो. कॉन्डॉरच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. आठ-दहा किलो वजनाचा आणि साडेनऊ फुटांच्या पंखविस्ताराचा हा पक्षी पंख मारत फिरत नाही. ऊन तापून कड्यांवरून गरम हवा वर चढू लागेपर्यंत तो बहुधा बसूनच असतो. म्हणून दहा-साडेदहाच्या सुमारास नवाहो पुलावर पोहोचणे योग्य. येथे दोन पूल शेजारी शेजारी आहेत: १९२९ चा जुना पूल आता केवळ पादचाऱ्यांसाठी आहे, तर १९९५ पासून वाहने नव्या पुलावरून जातात. जुन्या पुलाच्या मध्यावर उभे राहून नव्या पुलाखालच्या पोलादी तुळया दुर्बिणीने सावकाश न्याहाळाव्यात, कारण कॉन्डॉर अनेकदा तेथेच, सावलीत, मान खांद्यांत घालून बसलेले असतात. कोलोरॅडो नदी पुलाच्या साडेचारशे फुटांहून अधिक खाली असल्यामुळे उडणारा पक्षी पुष्कळदा आपल्या खालून जातो. अशा वेळी त्याची पाठ, पंखांवरील क्रमांकाचे बिल्ले आणि टोकाला बोटांसारखी पसरलेली पिसे आपण वरून पाहतो. पुलावरून काहीही पडू देऊ नये. बाटलीची झाकणे, नाणी, प्लास्टिकचे तुकडे हे पक्षी गिळतात व पिलांनाही भरवतात.

तेथेच टर्की व्हल्चर ही लहान गिधाडेही घिरट्या घालत असतात आणि घाईत गफलत होते. टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, डुलत डुलत उडतो आणि त्याच्या पंखांची मागची बाजू खालून रुपेरी दिसते. कॉन्डॉरचे पंख सपाट व स्थिर असतात आणि प्रौढ पक्ष्यात पांढरा पट्टा पंखांच्या पुढच्या बाजूस असतो. नारिंगी-गुलाबी डोके प्रौढांचेच. लहान वयाच्या पक्ष्याचे डोके काळपट असते, तेव्हा डोके काळे दिसले म्हणून तो कॉन्डॉर नव्हे, असे ठरवू नये.

पुलावर निराशा झाली, तर ८९ए रस्त्याने मागे येऊन हाउस रॉक व्हॅलीच्या कच्च्या रस्त्यावर दोनेक मैल जावे. ओल असेल तर मात्र त्या चिखलात गाडी घालू नये. समोरच्या व्हर्मिलियन क्लिफ्सच्या लाल कड्यांवरूनच १९९६ च्या डिसेंबरमध्ये ॲरिझोनातले पहिले सहा पक्षी सोडण्यात आले. १९८२ मध्ये जगभरात केवळ २२ कॉन्डॉर उरले होते, आणि १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडण्यात आला, तेव्हा जगातले सर्व २७ कॉन्डॉर बंदिस्त प्रजननासाठी ठेवलेले होते. जोडी साधारणपणे दोन वर्षांतून एकच अंडे घालते, त्यामुळे एकेका प्रौढ पक्ष्याचा मृत्यू फार महाग पडतो. आजही त्यांचा मुख्य शत्रू शिसे हाच आहे: शिकाऱ्यांनी रानात टाकलेल्या आतड्यांमध्ये शिशाच्या गोळीचे बारीक कण राहतात आणि ते खाऊन पक्ष्यांना विषबाधा होते. म्हणून पक्षी वेळोवेळी पकडून त्यांचे रक्त तपासले जाते व गरजेप्रमाणे उपचार केले जातात. आपल्याकडची गिधाडे मेलेल्या गुरांच्या शरीरातील डायक्लोफिनॅकमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, हे आई-बाबांच्या पिढीला ठाऊक असते. त्यामुळे ही गोष्ट त्यांना चटकन भिडेल. या कड्यांवरचे पक्षी फार दूर असतात, तेव्हा स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची दूरदर्शी) उसना मिळत असेल तर अवश्य आणावा. जेवणाचे मात्र बरोबरच घ्यावे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्या उजाड भागात मोलाची ठरते.

रविवारी माउंट कारमेल जंक्शनमार्गे झायनच्या पूर्व दारातून उतरावे. मुख्य दरीत एप्रिलअखेरीस खासगी गाड्यांना मज्जाव असतो आणि शटल बसच्या वाहनतळावरील जागा सकाळीच भरतात, म्हणून पहाटेचा आळस परवडणार नाही. एंजल्स लँडिंगच्या अवघड चढणीचा विचारही न करता रिव्हरसाइड वॉक घ्यावा. ही जाऊन-येऊन दोनेक मैलांची पक्की पायवाट आहे. व्हर्जिन नदीतील दगडांवर गुडघे वाकवत बसणारा अमेरिकन डिपर, डोक्यावर व्हाइट-थ्रोटेड स्विफ्ट आणि कड्यांतून खाली घरंगळत येणारी कॅन्यन रेन या पक्ष्याची शीळ, एवढे तेथे अपेक्षित धरावे. या कड्यांवर बहिरी ससाणाही घरटे करतो. वसंतात त्यासाठी काही कडे गिर्यारोहकांना बंद केले जातात. उन्हाळा चढल्यावर अनेक कॉन्डॉर झायनच्या उत्तरेकडील कोलोब भागाकडे सरकतात, त्यामुळे जूनमध्ये कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर मी नवाहो पुलावर इतका भर दिला नसता.

दोन्ही दिवस गाडीत बसून आई-बाबा कंटाळतील अशी शंका असेल, तर झायनही गाळावे आणि ३८९ वरच्या पाइप स्प्रिंगला थांबून परतावे. वाळवंटातल्या त्या झऱ्याकाठच्या झाडांवर एप्रिलअखेर वॉर्बलर हे छोटे स्थलांतरी पक्षी उतरतात, आणि तेथे चालावेही फारसे लागत नाही.