वाचकांचे प्रश्न : अंदमानात पक्षी बघायचेत, बेटं किती करावीत?

प्रश्न : जानेवारीअखेर आम्ही चौघं आठ रात्रींसाठी अंदमानला फक्त पक्षी बघायला जातोय. टूर कंपनी नको आहे. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, लाँग आयलंड आणि दिगलीपूर असा आराखडा केलाय. जमेल का?

उत्तर : जमेल, पण पक्ष्यांपेक्षा जेट्ट्या जास्त बघून याल. जगात फक्त अंदमानात सापडणारे बहुतेक पक्षी दक्षिण अंदमानात, म्हणजे पोर्ट ब्लेअरला मुक्काम ठेवूनच दिसतात. बेट बदललं म्हणून यादी वाढेलच असं नाही, दिवस मात्र नक्की कमी होतात. लाँग आयलंड आणि दिगलीपूर काढून टाका. आठ रात्रींपैकी पाच पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक आणि परतीच्या विमानाआधीची एक पुन्हा पोर्ट ब्लेअर. नील हुकलं तर हुकू द्या.

बोटीचा हिशेब असा. हॅवलॉकपर्यंत खासगी बोट साधारण दोन तास घेते. त्यात तासभर आधी जेट्टीवर हजेरी, सामानाची तपासणी, उतरल्यावर रिक्षा आणि खोलीचा ताबा धरा, की अर्धा दिवस गेला. हा अर्धा दिवस सकाळचा असेल तर पक्ष्यांची सगळ्यात चांगली वेळ बोटीच्या बंद काचेआड जाते. म्हणून बोट दुपारची घ्या. दहा ते दोन जंगल तसंही गप्प असतं. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटी आधीच भरलेल्या असतात. विमानाच्याच दिवशी बेटावरून परतायचं ठरवणारे नेमके इथे अडकतात.

तिकिटं काढताना नव्या नावांकडे लक्ष ठेवा : हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (दोन्ही २०१८ पासून) आणि पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम (२०२४ पासून).

प्रश्न : पोर्ट ब्लेअरला पाच रात्री राहून रोज नेमकं कुठे जायचं? आणि किती वाजता?

उत्तर : आधी घड्याळ. वेळ भारतीय प्रमाणवेळच, पण बेटं फार पूर्वेला. जानेवारीअखेर पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान मावळतो. 'संध्याकाळी सहाला जाऊ' म्हणालात तर अंधारात पोहोचाल.

दोन पहाटा चिडिया टापूला द्या. शहरापासून अंतर सुमारे २५ किलोमीटर, तास धरा, म्हणजे साडेचारला निघणं आलं. टॅक्सीवाल्याशी आदल्या दिवशीच पूर्ण दिवसाचं ठरवा आणि पहाटेची वेळ त्याच्याकडून वदवून घ्या. मुंडा पहाडकडे जाणाऱ्या वाटेवर हळू चाललात तर अंदमान सुतार, अंदमान टकाचोर, अंदमान भारद्वाज, पांढऱ्या डोक्याची मैना, फुलटोचा हे सगळे एका सकाळीही मिळू शकतात. याच भागात एक संध्याकाळ घुबडांसाठी ठेवा. सूर्यास्ताआधी अर्धा तास जागेवर उभं राहायचं, अंधार पडल्यावर पहिला तास सर्वात बोलका. अंदमान स्कॉप्स आऊल, ह्यूम्स हॉक आऊल आणि अंदमान रातवा यांचे आवाज आधी ऐकून पाठ करून ठेवा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हापुन्हा बोलावू नका. त्याच चार झाडांवर रोज कुणी ना कुणी हेच करत असतं आणि मग पक्षी उत्तर देणंच सोडतो. टॅक्सी मात्र थांबवून ठेवा, रात्री परतीचं वाहन मिळत नाही.

एक दिवस माउंट हॅरिएटला (सरकारी नाव माउंट मणिपूर). चॅथमहून बांबूफ्लॅटला वाहनं नेणारी फेरी असते, तिची पहिली खेप पकडा. राष्ट्रीय उद्यानाचं गेट किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशीच विचारा, नाहीतर सकाळचा सोन्यासारखा तास गेटबाहेर जाईल. तसं झालंच तर रस्त्याकडेची झाडं बघत राहा, रानकबुतरं उघड्या फांदीवर ऊन खात बसलेली दिसतात. त्याच बाजूचा शोल बे आणि कालाटांगचा रस्ता पहाटे शांत असतो. गाडी बंद करून वळणावर थांबलात तर अंदमान फटाकडी रस्ता ओलांडताना दिसू शकते : तांबूस-तपकिरी अंग, पोटावर आडवे पट्टे, चोच कच्च्या सफरचंदासारखी फिकट हिरवी. दोन-तीन सेकंदांत ती पलीकडच्या गवतात असते. कॅमेऱ्याची सेटिंग्ज तेव्हा बदलायला घेतलीत तर हातात रिकामा रस्ताच राहील.

एक संध्याकाळ सिप्पीघाटला. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि इथल्या भातशेतीत समुद्राचं पाणी शिरलं. त्या पाणथळीत आज बदकं, बगळे आणि किनाऱ्यावर चिखलात चरणारे पक्षी असतात. अंदमान टील शोधायची तर पाण्यात उभ्या राहिलेल्या वाळक्या खोडांवर नजर फिरवा. रात्री चरणारं बदक ते, दिवसा अशा ठिकाणी विसावतं. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं लांबून कळतं. रस्त्यावरूनच बघा, कडेच्या चिखलात उतरू नका. दक्षिण अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि हा इशारा केवळ फलकापुरता नाही.

पाचातला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. पावसाने किंवा धुक्याने गेलेली सकाळ त्यात भरून निघते.

प्रश्न : अंदमान कोतवाल आणि भृंगराज दोघंही तिथे आहेत म्हणे. फरक कसा करायचा? सर्पगरुडांचाही गोंधळ होतो.

उत्तर : गोंधळ होतो तो भृंगराजाच्या शेपटीची लांब पिसं गळलेली असतात तेव्हा. पिसं नाहीत म्हणजे अंदमान कोतवाल, असं लिहून टाकू नका. शेपटीची खाच बघा : अंदमान कोतवालाची शेपटी लांब आणि खोल दुभंगलेली, भृंगराजाची खाच उथळ.

सर्पगरुडांत रंग आणि जागा दोन्ही बघा. अंदमान सर्पगरुड गडद चॉकलेटी, राहतो आतल्या जंगलात. तुरेवाला सर्पगरुड फिकट आणि बहुधा खारफुटी व किनाऱ्याच्या आसपास. शंका उरली तर वहीत 'सर्पगरुड' एवढंच लिहा.

प्रश्न : नारकोंडमचा धनेश आणि निकोबारचं मेगापोड (कोंबडीसारखा पक्षी) याच सहलीत जमतील का? आणि सामानात काय विसरू नये?

उत्तर : नाही. नारकोंडम बेटावर सर्वसाधारण पर्यटकाला उतरता येत नाही, आणि निकोबार बेटं आदिवासी राखीव असल्याने विशेष पासाशिवाय बंद आहेत. कुणी 'करून देतो' म्हणालं तर आगाऊ पैसे देऊ नका.

पुढे कधी बाराटांग किंवा दिगलीपूरला रस्त्याने गेलात, तर जिरकाटांगहून गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे थांबणं आणि फोटो काढणं गुन्हा आहे. पक्ष्यासाठीसुद्धा गाडी थांबवायची नाही.

सामानात ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. दाट जंगलात जास्त मोठं दिसण्यापेक्षा उजेड आणि रुंद दृश्य कामाचं. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) नेलात तर त्याचा उपयोग सिप्पीघाटपुरताच. पाऊस झाला असेल तर जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे हवेत. नकाशे आणि पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर आधीच उतरवून घ्या, जंगलात नेटवर्कचा भरवसा नाही. आणि एसी खोलीत ठेवलेला कॅमेरा पहाटे थेट बाहेर काढू नका, दमट हवेत लेन्सवर धुकं धरतं आणि पहिली वीस मिनिटं ती पुसण्यात जातात. रात्री बॅग बंद करून खोलीतल्या एसीपासून लांब, जमल्यास बाहेरच्या बंद व्हरांड्यात ठेवा.