मार्सियानो आजच्या टायसन फ्युरीसमोर टिकला असता का?

खरं सांगायचं तर मला नाही वाटत. 1950च्या दशकातला हेवीवेट (सर्वांत जड गट) बॉक्सिंग विजेता रॉकी मार्सियानो 49 लढतींत अपराजित, पण वजन जेमतेम 85 किलो. आज तो हेवीवेटमध्ये नव्हे, क्रूझरवेट या त्याहून हलक्या गटातच (मर्यादा सुमारे 90.7 किलो) खेळला असता. ब्रिटिश हेवीवेट फ्युरीची उंची 206 सेंटिमीटर. त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवून आत शिरायचं, तेही दर राउंडला!

पण नुसत्या आकारावर जाऊ नका. 1935 मध्ये जो लुईसने आपल्याहून जवळपास 30 किलो जड कार्नेराला सहाव्या राउंडमध्ये संपवलं. 2024 मध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकने फ्युरीला दोनदा हरवलं, निव्वळ पायांच्या हालचालीवर आणि कोनांवर. मार्सियानोकडे ते पाय नव्हते. त्याच्याकडे दम होता. 1952 मध्ये तेव्हाचा विजेता वॉलकॉट याच्याविरुद्ध तो गुणांवर मागे होता. तेराव्या राउंडमध्ये दोरांजवळ एकच आखूड उजवा ठोसा, आणि वॉलकॉट डावा हात दोरावर अडकलेला तसाच खाली घसरला. आता विजेतेपदाच्या लढती बाराच राउंडच्या असतात, म्हणजे तो तेरावा मिळालाच नसता.

जुन्यांपैकी आज कोण चाललं असतं म्हणाल, तर मुहम्मद अली. 191 सेंटिमीटर उंची आणि तो वेग, त्याला कुठल्याही काळात जागा आहे.