रुग्ण पडण्याचा धोका नर्स कसा ओळखतात?

त्यासाठी मॉर्स स्केल खूप वापरतात. आधी पडल्याचा इतिहास, दुसरा आजार, काठी-वॉकरचा आधार, सलाइन, चाल आणि स्वतःच्या ताकदीचं भान अशा सहा गोष्टींना गुण देतात. साधारण ४५ च्या पुढे धोका जास्त मानतात. अलीकडे पडल्याचे एकट्याचेच २५ गुण असतात, त्यामुळे नातेवाइकांनो, ही गोष्ट कृपया लपवू नका.

पण तक्ता एकदाच भरून भागत नाही. झोपेची किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली, ऑपरेशन झालं, की पुन्हा मोजायलाच हवं. लघवीच्या घाईकडे तर फार दुर्लक्ष होतं, असं मला वाटतं. रुग्ण बेल न वाजवता एकटाच उठतो आणि तोल जातो. नर्सने ठरावीक वेळाने स्वतःहून ‘बाथरूमला जायचंय का?’ विचारलं तर हे बरंच टळतं.

सतत अंथरुणात पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा (बेडसोर) धोका मोजायला ब्रेडन स्केल असते. तिथे उलट, गुण जितके कमी तितका धोका जास्त.