वाचकांचे प्रश्न : दुखतो खांदा, पट्टा दंडाला का?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू) दुखावल्यामुळे फिजिओ त्याच्या दंडाला हवेचा पट्टा बांधून एक किलोचा डंबेल उचलायला लावतात. दुखणं तर खांद्यात आहे. मग पट्टा दंडाला कशासाठी? (एक पालक, नाशिक)

उत्तर : हा पट्टा रक्तप्रवाह कमी करण्यासाठी असतो, पण खांद्याभोवती बांधून तसं करता येत नाही. म्हणून तो दंडाच्या अगदी वरच्या टोकाला, काखेला लागून बांधतात. हाताकडे येणारं रक्त त्याने थोडं कमी होतं आणि परत जाणारं बरंचसं अडतं. त्यामुळे हलक्या वजनानेही दंड लवकर थकतो. दंड थकला की कामाचा वाटा खांद्याकडे सरकत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. काही अभ्यासांत खांद्याच्या स्नायूंना यातून जास्त फायदा झालेला दिसला, काहींत विशेष फरक आढळला नाही. म्हणून या पट्ट्याला नेहमीच्या व्यायामाची जोड समजावं, त्याला पर्याय नव्हे.

पट्टा फुगवण्याआधी दाब मोजलाच पाहिजे. मनगटाच्या धमनीवर डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरून हवा भरत जातात. नाडीचा आवाज थांबतो तो पूर्ण दाब. हातासाठी त्याच्या ४० ते ५० टक्के पुरतात. पूर्ण दाब १४० मिमी (पाऱ्याचा) आला, तर ५६ ते ७०. पट्टा रुंद असेल तर कमी दाब लागतो, अरुंद असेल तर जास्त. म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही. ज्या स्थितीत व्यायाम करायचा, बसून किंवा झोपून, त्याच स्थितीत दाब मोजावा.

नंतर ३०, १५, १५, १५ असे चार सेट, मध्ये ३०-३० सेकंद थांबायचं आणि त्या वेळी पट्टा फुगलेलाच ठेवायचा. व्यायाम संपला की हवा सोडून द्यायची. कुशीवर झोपून, कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून हात बाहेर फिरवण्याचा व्यायाम यासाठी उत्तम. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. शेवटच्या सेटमध्ये खांदा कानाकडे उचलला जाऊ लागला, तर मानेचा स्नायू काम ओढून घेतोय असं समजा आणि वजन कमी करा. अशा वेळी दाब वाढवण्याची चूक बरेच जण करतात. दंडात जळजळ अपेक्षित आहे. खांद्यात टोचलं किंवा बोटं बधिर झाली, तर लगेच हवा सोडा.

प्रश्न : मी कबड्डी खेळतो. जिममध्ये इलॅस्टिकची पट्टी घट्ट आवळून हेच केलं तर? (एक खेळाडू, सांगली)

उत्तर : करू नका. इलॅस्टिकचा दाब मोजता येत नाही, आणि अरुंद पट्टी नसेवर रुतते. दाब मोजून बांधलेला पट्टाही सर्वांना चालत नाही. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर हा प्रकार टाळाच. सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांनीही टाळावा; हा आजार जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबार भागातल्या खेळाडूंनी आधी रक्त तपासून घ्यावं. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायू तुटत असल्याची ती खूण आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : रोटेटर कफ शिवून घेतल्यावर हे कधी सुरू करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तारीख शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतील. वजन हलकं असलं तरी स्नायू आकसला की शिवलेल्या टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) ताण येतोच. त्यामुळे हात स्लिंगमध्ये (गळ्यातल्या झोळीत) असतो त्या पहिल्या आठवड्यांत पट्टा बांधून खांद्याचा व्यायाम करू नये. त्या काळात कोपर, मनगट आणि मूठ यांची हालचाल डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेवढीच करा.