जोडेलच्या नंबरांचा घोळ

प्रश्न: फ्रान्सच्या जुन्या जोडेल विमानांचे फोटो बघतोय. डी112, डी117, डी119, डी120 असे नंबर दिसतात पण मला तर सगळी एकच वाटतात. फरक नेमका कशात आहे? आणि पंख टोकाकडे वर का वळलेत?

उत्तर: वाटणारच, कारण विमान मुळात एकच आहे. एदुआर जोली आणि त्यांचे जावई जाँ देलेमोंतेझ या दोघांच्या आडनावांतून जोडेल झालं, कंपनी 1946 ची, गाव बोन. 1948 च्या जानेवारीत त्यांचं एका सीटचं डी9 बेबे उडालं, सरकारी लोकांना ते आवडलं आणि त्यांनी दोन सीटचं मागितलं, ते डी11. पुढे नंबर बदलत गेले ते इंजिनामुळे किंवा बनवणाऱ्यामुळे. 45 हॉर्सपॉवरचं सालम्सन इंजिन म्हणजे डी11, 75 चं मिनिए म्हणजे डी111, 65 चं कॉन्टिनेंटल म्हणजे डी112, आणि 90 चं कॉन्टिनेंटल बसवलं की डी117. हौशी मंडळींनी स्वतः बांधलेलं 117 म्हणजे डी119, आणि वास्मेर कंपनीचं ते डी120 पारी-नीस. बऱ्याच डी112 ना स्टार्टरच नाही, प्रोपेलर हाताने फिरवून चालू करायचं, म्हणून क्लबात 117 चा भाव जास्त असेल तर नवल नाही.

खरी गंमत पंखात आहे. मधला भाग एकदम सपाट, त्यातल्या रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, एकाच मापाच्या, म्हणजे एक साचा केला की झालं, घरी बांधणाऱ्याला याहून सोपं काय हवं! बाहेरचा भाग निमुळता, वर वळलेला आणि थोडा पीळ दिलेला, त्यामुळे वेग फार कमी झाला की स्टॉल, म्हणजे पंखाची उचल जाणं, आधी मध्ये सुरू होतो आणि टोकाकडच्या एलेरॉनवर (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या फळ्या) पायलटचा ताबा राहतो. वर वळल्यामुळे विमान आपोआप सरळही होऊ बघतं. मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, लाकडी पेटीसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, त्यामुळे पंख हलका आणि मजबूत, पण मधून सुटा होत नाही, ट्रकवर न्यायचा म्हटलं की डोक्याला ताप.

हाच पंख पुढे विमानं बनवणाऱ्या पिएर रोबँच्या डीआर400 पर्यंत आला, ते 1972 चं. डीआरमधला डी देलेमोंतेझचा, आर रोबँचा. फोटोत गल्लत होत असेल तर चाकं बघा: नाकाखाली चाक असेल तर ते तुमच्या यादीतलं नाही, डी112 ते डी120 सगळ्यांचं छोटं चाक शेपटीखाली.