पात्रयादी वाचली, आता रॅम्पचं बोलू

प्रिय पोरी,

तुझी पात्रयादी मिळाली. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’साठी, येशूच्या शेवटच्या दिवसांवरच्या त्या रॉक संगीतकासाठी, चोवीस माणसं जमवलीस, तीही आपल्या न्यू जर्सीतल्या चर्चच्या हॉलमध्ये. कौतुक आहे. येशू कृष्णवर्णीय बाई, त्याला दगा देणारा शिष्य ज्यूडास तमिळ मुलगा, दुसरा शिष्य पीटर कर्णबधिर. आणि अगदी खाली, गर्दीच्या नावांत, व्हीलचेअरवरची ती मुलगी. तिच्या नावापुढे तू लिहिलंयस, ‘मंदिरातला प्रसंग, रोगी’.

तिथेच मी चहाचा कप खाली ठेवला.

तो प्रसंग आठव. सात मात्रांच्या ठेक्यावर बाजार भरतो (सात आहेत म्हणून रूपक ताल समजू नकोस, सम शोधत बसशील). येशू व्यापाऱ्यांना हाकलतो. थोडी शांतता होते आणि तोच ठेका परत येतो, पण आता विकणारे नसतात. आंधळे, लंगडे, महारोगी त्याला घेरतात, मला हात लाव, मला बरं कर म्हणतात. संख्या वाढते, लय वाढते, शेवटी तो किंचाळतो की तुमचं तुम्हीच बघा. आता त्या गर्दीत व्हीलचेअर ढकलत आण आणि प्रेक्षकांत बसून बघ. आपण काय दाखवतोय? की चाकाच्या खुर्चीतलं माणूस म्हणजे बरं व्हायची वाट बघत बसलेलं माणूस.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेत मी रंगमंच व्यवस्थापक होतो. आम्हीही नेमकं हेच केलं होतं. आमच्यातला व्हीलचेअरवरचा एक जण उत्तम गायचा. तिसऱ्या तालमीनंतर तो मला म्हणाला, “मी रोज संध्याकाळी कामावरून थेट इथे येतो, आणि तुम्ही रोज मला सांगता की माझ्यात काहीतरी बिघडलंय.” चौथ्या तालमीला तो आला नाही. आम्ही त्याच्या जागी दुसरा माणूस कुबड्या देऊन उभा केला आणि प्रयोग केला. टाळ्या पडल्या. ते मला अजून बोचतं.

तेव्हा ती मुलगी तिथून काढ. रोग्यांच्या गर्दीत धडधाकट माणसं घाल. हातात काठी नको, अंगावर चिंध्या नकोत, फक्त हावरे हात. मग तो प्रसंग शरीराचा न राहता मागणाऱ्यांचा होतो, आणि माझ्या मते जास्त भयंकर होतो. मुलीला पिलात दे, येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार. आवाज खालचा आहे ना तिचा? पट्टी जुळेल. पण ‘तो नाहीतरी न्यायासनावर बसलेलाच असतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला दोन शब्द सुनाव. पिलात तिला मिळतोय तो त्याच्या स्वप्नाच्या गाण्यासाठी आणि येशूला बसणारे ३९ फटके मोजताना ज्याचा आवाज फाटत जातो त्या माणसासाठी. खुर्चीसाठी नाही.

फटक्यांवरून आठवलं. तुझी येशू कृष्णवर्णीय आहे. तिला अमेरिकेत, व्यासपीठावर, चाबकाने मारायचं दृश्य बसवताना ‘नाटक आहे, चालतं’ म्हणू नकोस. तालमीआधी तिच्याशी एकटीशी बोल. मारणारा कोण, कुठे उभा, चाबूक दिसणार की नाही, हे तिच्यासमोर ठरव. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या २०१६च्या प्रयोगात रक्ताऐवजी चमकी उधळली होती. तसंच कर असं नाही म्हणत, पण वाटा असतात.

ज्यूडासचंही तसंच. १९७१च्या ब्रॉडवे प्रयोगात बेन व्हरीन आणि १९७३च्या चित्रपटात कार्ल अँडरसन, दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही अफाट. पण गोऱ्या येशूसमोर दगा देणारा तेवढा काळा, हे लोकांच्या डोळ्यांत आलंच. २०१८ला टीव्हीवरच्या थेट प्रयोगात येशू जॉन लेजंड आणि ज्यूडास ब्रँडन व्हिक्टर डिक्सन, दोघेही कृष्णवर्णीय. मग भांडण दोन मित्रांचंच उरलं. तुझा तमिळ मुलगा चांगला आहे, ठेव त्याला. फक्त बाराही शिष्यांत तो एकटाच आपल्याकडचा दिसायला नको. (आपल्याकडे हे आधीच होऊन गेलंय म्हणा. १९७४ला अलेक पदमसींनी मुंबईत हे संगीतक केलं तेव्हा ज्यूडास होता नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा. मराठी नाटकवाल्यांच्या घरातला पोरगा रॉक गातो याचं तेव्हा आमच्या घरात केवढं अप्रूप!) आणि बाई येशू झाली म्हणून आपल्या मंडळातल्या काकांनी नाक मुरडलं, तर त्यांना बालगंधर्वांची आठवण करून दे. सिंथिया एरिव्होने २०२५ला अमेरिकेत ‘हॉलिवुड बोल’ या खुल्या नाट्यगृहात येशू केला, हेही सांग.

तिची पट्टी मात्र सोयीसाठी खाली आणू नकोस. अटकेआधी येशू बागेत एकटा गातो त्या गाण्यात गळा तुटायच्या बेताला येतो, नाटक तिथेच आहे. पट्टी बदलायचीच असेल तर ताण तेवढाच राहील अशी बदल. आणि आधी हक्कांचं पत्र काढून वाच. असे परवाने देणारे सहसा शब्द, क्रम, पात्राचं लिंग यांत परस्पर बदल करू देत नाहीत. जे करायचं ते लेखी विचारून कर, तोंडी ‘हो’वर जाऊ नकोस.

येशूला संपवायचा कट करणाऱ्या ज्यू पुरोहितांचा वेश कोण करतंय? मला चित्रं पाठव. १९७१ला ज्यू संघटनांनी या संगीतकावर आक्षेप घेतला तो उगाच नव्हता. येशूच्या छळाची नाटकं बघून उठलेले जमाव शतकानुशतकं ज्यू वस्त्यांवर चालून गेलेत. १९८८ला अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनीच अशा नाटकांसाठी निकष छापले, ते मिळव आणि पुरोहितांच्या दृश्याआधी मोठ्याने वाचून घे. या गोष्टीत येशू ज्यू, मेरी ज्यू, पीटर ज्यू. काळे झगे आणि दाढ्या फक्त एकाच बाजूला लावल्यास, तर तुझ्या यादीतल्या सगळ्या रंगांवर पाणी पडलं समज.

आता पीटर. गाणं सुरू झालं की या संगीतकात श्वास घ्यायला जागा नाही, मध्ये संवादच नाहीत. खुणांच्या भाषेतलं रूपांतर गाण्याच्या तालमीआधी तयार हवं, आणि ते करायला एक कर्णबधिर कलाकार पैसे देऊन घे, फुकटात नको. न्यूयॉर्कमध्ये २०१५ला डेफ वेस्ट या कर्णबधिरांच्या नाट्यसंस्थेचं ‘स्प्रिंग अवेकनिंग’ हे संगीतक मी पाहिलं, तिथे हात आणि आवाज वेगळ्या माणसांचे होते आणि दहा मिनिटांत ते विसरायला झालं. तुझा प्रकाशयोजनाकार मात्र या नाटकाला धूर आणि अंधार देणारच, सगळेच देतात. त्याला बजाव, अंधारात हात वाचता येत नाहीत. पीटर तिसऱ्यांदा येशूला ओळखत नाही म्हणतो तेव्हा त्याचे पंजे दिसले पाहिजेत. मागे काळा पडदा असेल तर चालेल, पण धूर नको. पाच मात्रांच्या गाण्यात त्याला प्रवेशाची खूण हवी. एक छोटा दिवा पुरतो, वाद्यवृंदाच्या बाजूला.

आणि रॅम्प. हॉलचं व्यासपीठ तीन फूट उंच आहे ना? एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे ३६ फूट. शिवाय एका दमात ३० इंचांहून जास्त चढवायचं नाही, मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा. एवढी जागा तुझ्याकडे नाही. मग कडेला फळ्या टाकून ‘जरा ढकला हो’ करू नकोस. वाद्यवृंद व्यासपीठावर चढव आणि नाटक खाली जमिनीवर आण, प्रेक्षक तीन बाजूंनी. चोखोबाला आपण पायरीशी ठेवलं; इथे पायरीच काढून टाकता येते, तर काढ की.

२०१९ला अली स्ट्रोकरला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, मिळाला, व्हीलचेअर वापरणारी पहिली अभिनेत्री. प्रेक्षागृहातून व्यासपीठावर जायला रॅम्प नव्हता, म्हणून ती आधीच विंगेत जाऊन थांबली होती. टोनी सोहळ्यातसुद्धा!

म्हणून विंगेचं, कपडे बदलायच्या खोलीचं, संडासाचं आधी बघ. आमच्या त्या जुन्या प्रयोगात आत यायची वाट कचऱ्याच्या डब्यांमागून होती आणि ती फक्त एकाच माणसाला वापरावी लागायची. सगळे कलाकार एकाच दाराने आत येतील असं दार निवड.

त्या मुलीला आज रात्रीच फोन कर. तिने पिलात नको म्हटलं तर काय हवं ते विचार. कदाचित तिला हेरॉड राजाच करायचा असेल, त्यात मजाही जास्त आहे. आणि मागच्या दाराची रुंदी मोज. दार उघडल्यावर मोकळी ३२ इंच भरली नाही तर मला कळव, शनिवारी मी सुताराला घेऊनच येतो.

तुझा,
काका